चवबाईंची जीभ

बिस्किटांच्या कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. भट्टीवरची माणसं, पुडे भरणाऱ्या बायका, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांची ती चवबाई. तिची खोली भट्टीच्या दालनाला लागून होती. मधे काच, एक टेबल, पांढऱ्या बशा आणि कोमट पाण्याचा मग, एवढाच तिचा संसार. भट्टीतून घाणा निघाला की त्यातली चार बिस्किटं बशीतून तिच्यापुढे यायची. ती एक उचलायची, कानाजवळ नेऊन मोडायची, वास घ्यायची आणि मग तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची. काचेपलीकडे भट्टीमास्तर मिशीला पीळ देत उभे असायचे. डोळे उघडून ती म्हणायची, "सोडा चढलाय." मास्तर म्हणायचे, "शक्यच नाही." आणि मग वजनकाट्यापाशी जाऊन यायचे, ते खाली मान घालून. हा खेळ रोजचा होता, आणि मास्तर रोज हरायचे.

आता अशी जीभ कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी येता येत नाही. ती घरी यायची आणि घरी सासूबाई असायच्या.

सासूबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. खिडकीत मशीन, भिंतीला टेकून निळ्या आणि करड्या कापडाचे तागे, आणि तोंडात कायम दोन टाचण्या. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून व्हायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुनेनं भाजीचा घास घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, भाजी छान आहे. फक्त कांदा परतताना घाई झाली."

घाई झाली होती, हे खरंच होतं. शाळा उघडायला आली होती आणि बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. पण खरं आहे म्हणून ऐकून घ्यायचं, असं थोडंच असतं? सासूबाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं. लेक लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं तो हसतखेळत बाहेर काढायचा, पण या दोघींच्या मधे अडकला तेव्हा त्याला काही सुचेना. तो आपला खाली बघून जेवत राहिला.

पुढे सासूबाईंनाच तिच्या बोलण्याची सवय झाली. सवय कसली, गोडीच लागली म्हणा. "मिरी आज कुटून ठेवलेली वापरलीत ना?" "दूध दोनदा तापलंय." सासूबाई वरवर करवादायच्या, "मोठी आली चवबाई!" पण आतून त्यांना ती आपल्याच जातकुळीतली वाटायची. त्यांनाही दुसऱ्याच्या सदऱ्याची वाकडी शिवण रस्त्यावरून जाताना दिसायची आणि बोलल्याशिवाय राहवायचं नाही. वाकडं दिसलं की ज्यांच्या डोळ्यांत खुपतं अशी माणसं दोन, आणि एकाच घरात. स्वयंपाक मात्र सुधारला. शेजारणी भांडं घेऊन चव न्यायला येऊ लागल्या.

सुनेला दिवस राहिले ते बऱ्याच उशिरा, आणि दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या वेळी सासूबाईंनी पिवळ्या मऊ कापडाचं झबलं कापून ठेवलं होतं. ते तसंच, न शिवलेलं, कपाटाच्या तळाशी गेलं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. या खेपेला सासूबाईंनी ठरवलं होतं की कात्रीला हात लावायचा नाही. शिवायचं नाही, विणायचं नाही, नुसतं डोळ्यांत तेल घालून सुनेला जपायचं.

आणि जपणं म्हणजे काय असतं, ते सासूबाईंकडून शिकावं. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी दिली, हाडांसाठी कॅल्शियमची दिली. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, लोहाच्या गोळीवर चहा-दूध प्यायचं नाही, असं बजावलं. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. सकाळी कामावर निघायच्या आधी, रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर लोहाची गोळी. त्या स्वतः समोर उभ्या राहायच्या. "गिळलीस? तोंड उघड बघू." कॅल्शियम दुपारच्या डब्यात, वेगळ्या पुडीत. शिवाय त्यांच्या बहिणीनं एक पावडरीचा डबा आणून दिला होता. डब्यावर हसऱ्या गरोदर बाईचं चित्र होतं आणि 'आईसाठी संपूर्ण पोषण' असं लिहिलेलं होतं. ती पावडर सकाळ-संध्याकाळ दुधातून.

याच सुमाराला घरात एक नवल घडलं. सून स्वयंपाकाची तारीफ करू लागली.

"आई, आज भाजी छान झालीये."

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि?"

"आणि काय? छान झालीये."

दुसऱ्या दिवशीही छान. तिसऱ्या दिवशी तर चक्क "तुमच्या हाताला आता चव आलीये हं." सासूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांनी का होईना, आपण परीक्षा पास झालो! त्यांनी ही बातमी जिन्यात, बाजारात आणि गणवेश न्यायला आलेल्या प्रत्येक आईला सांगितली. पोटातलं बाळच गुणाचं आहे, आईला गोड बोलायला शिकवतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूतही घालून घेतली.

मग ती साखर पाजून करायची रक्ततपासणी झाली, आणि साखर वाढलेली निघाली.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. गरोदरपणात काही बायकांच्या शरीराला साखर आवरता येत नाही. ती आईच्या रक्तातून बाळाकडे जाते, बाळ नको इतकं जाड होतं, बाळंतपण अवघड होतं, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. पण वेळेवर सापडलंय, जेवण सांभाळा, जेवणानंतर चाला, बहुतेक वेळा एवढ्यानं आवरतं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी काही चालू आहे का? टॉनिक, पावडर?"

सासूबाईंनी मोठ्या अभिमानानं पिशवीतून डबा काढला. डॉक्टरीणबाईंनी तो फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. "यात दुधाच्या भुकटीनंतर सगळ्यात जास्त साखरच आहे. बंद करा."

 घरी आल्या आल्या सासूबाईंनी उरलेली पावडर मोरीत ओतली, डबा घासला आणि त्यात बटणं भरून ठेवली. डब्यावरची बाई तरीही हसतच होती. सासूबाईंनी डबा उलटा, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"आई, तुम्ही काय मुद्दाम दिलीत का?" सून म्हणाली.

"मुद्दाम नाही गं. पण हात माझाच ना!"

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. साखरेची बरणी शेजारी गेली. भात मुठीएवढा, भाज्या ताटभर, मोड आलेली कडधान्यं, अंडं, फळ एक आणि तेही मोजकं गोड. जेवण झालं की सासू-सून इमारतीभोवती चकरा मारायच्या. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायचे, पण त्या ऐकायच्या नाहीत. बोटाला सुई टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. सुईचं काम म्हणून ते सासूबाईंकडे आलं. जन्मभर सुई धरलेला तो हात सुनेचं बोट धरलं की पुढेच जायचा नाही. "टोचा हो आई, मी कापड समजा," सून म्हणायची. "कापड ओरडत नाही," असं म्हणून त्या डोळे बारीक करायच्या आणि टोचायच्या.

सकाळचे, उपाशीपोटीचे आकडे बरे यायचे. सुट्टीच्या दिवशीही ठीक असायचं. पण कामाच्या दिवशी ती घरी आली की आकडा वर! डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "डब्यात काय नेता? मधल्या वेळी काय खाता?" सून घडाघडा सांगायची आणि त्यात वावगं काही नसायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणखी एक आठवडा बघू. नाहीच उतरली तर इन्सुलिन सुरू करू. घाबरायचं कारण नाही, बाळाला त्याचा त्रास नसतो. पण आधीची खेप लक्षात घेता मला कारण कळलेलं आवडेल."

आधीची खेप म्हटल्यावर लेकाचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यानं आईला हळूच विचारलं, "तू तिच्या डब्यात गोड काही घालत नाहीस ना? म्हणजे, मायेनं?"

सासूबाईंना ते फार लागलं. त्या थेट मशीनवर जाऊन बसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी एका विजारीला दोन्ही पाय डावे शिवले.

त्याच गोंधळात संध्याकाळचं सूप झालं. मुलगा पहिला चमचा तोंडात घालून थांबला. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात बायको म्हणाली, "आई, आज सूप फक्कड झालंय!" तो गप्प बसला. आई दुखावलेली आहे, ही तिची समजूत घालतेय, असं त्याला वाटलं असावं. दोघं उठल्यावर सासूबाई आपली वाटी घेऊन बसल्या. पहिल्याच घोटाला त्यांना कळलं की सुपात मीठच नाही. कमी नाही, घातलंच नव्हतं.

आधी त्यांनाही वाटलं, सुनेनं मन राखलं. पण मन राखायला चवबाई कधीपासून शिकली? जी बाई लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सासूच्या कांद्यात खोट काढते, ती बिनमिठाच्या सुपाला फक्कड म्हणेल? सासूबाई वाटी तशीच धरून बसल्या आणि एकेक दिवस मागे जाऊ लागल्या, उसवलेल्या शिवणीचा धागा ओढावा तसं. तारीफ कधी सुरू झाली? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याच आठवड्यात. म्हणजे ती सगळी तारीफ, जी त्यांनी गावभर मिरवली होती, ती तारीफ नव्हतीच. त्यांना स्वतःचं हसू आलं, आणि मग त्यांनी वाटी बाजूला सारली.

सकाळी बोट टोचायला बसल्यावर त्यांनी बोट हातात धरून ठेवलं.

"काल सूप कसं होतं?"

"सांगितलं ना, फक्कड."

"मीठ?"

"बरोबर होतं की."

"मीठ नव्हतंच."

सुनेनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी सोडला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. "आई, जीभ गेलीये माझी. सगळ्याला लोखंडाची चव येते. नळाची तोटी चाटल्यासारखी. पाण्यालासुद्धा."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? गोळी बंद करा म्हणू? रक्त कमी आहे ना माझं. आणि कारखान्यात कळलं तर मी कोण? चवबाईला चवच कळत नाही म्हटल्यावर..."

"मग तिथं बिस्किटं पास कशी करतेस?"

"पुन्हा पुन्हा घेऊन. पूर्वी एका तुकड्यात कळायचं, आता एका घाण्याची चारही बिस्किटं संपवावी लागतात. क्रीमचे तर चमचेच्या चमचे. मग कुठं अंधूक कळतं."

सासूबाईंच्या हातातली सुई खाली आली. "तू ते थुंकतेस ना? चव घेणारे थुंकतात, तूच सांगितलं होतंस."

"बाकीचे थुंकतात. मला नाही जमत. मास्तर पहाटे येऊन मळतात, त्यांच्यासमोर, काचेतून बघत असताना, त्यांच्या हातचं थुंकायचं? मी कधीच थुंकले नाही."

"म्हणजे दिवसभर साखर खातेस!"

"खाते कुठं?" सून अगदी मनापासून दचकली. "आई, ते काम आहे. खाणं कसं असेल ते?"

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ती खोटं बोलत नव्हती. डॉक्टरीणबाईंना तिनं घास न् घास सांगितला होता, आणि हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. जसं सासूबाईंना कुणी विचारलं असतं, आज किती चाललात, तर मशीनच्या पेडलवर दिवसभर हलणारे पाय त्यांनी कधी हिशेबात धरले नसते. मग सासूबाई आधी हसल्या आणि सुनेला रडू फुटलं, आणि कोण हसतंय, कोण रडतंय, हे बाहेरून आत आलेल्या लेकाला काही केल्या कळेना.

त्याच दिवशी सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. कारखान्यातला प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्याही हसल्या. गोळी बंद करायची नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. पण गोळी बदलून दिली, आणि सकाळऐवजी झोपताना घ्यायला सांगितली, म्हणजे लोखंडाची चव झोपेत जाईल. "थोडी चव गरोदरपणामुळेही जाते. बहुतेकींची बाळंतपणानंतर परत येते," त्या म्हणाल्या. बहुतेकींची हा शब्द दोघींनीही ऐकला, आणि दोघींनीही तो एकमेकींपाशी काढला नाही.

राहिला कारखाना. दुसऱ्या दिवशी सून निघाली तशा सासूबाईही पायांत चपला घालून तयार. "त्या बाजूला बटणं स्वस्त मिळतात," त्या म्हणाल्या. घरात बटणांचा अख्खा डबा भरलेला होता. चालताना सुनेनं त्यांचा दंड धरला.

सासूबाई चवीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. लोणी आणि भाजलेल्या पिठाचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पहिली बशी घेऊन भट्टीमास्तर स्वतः आले. सून उभी राहिली.

"मास्तर, मला तुमच्याशी बोलायचंय. माझी जीभ काम देत नाहीये. बरेच दिवस झाले. मी तुमच्यापासून लपवलं."

मास्तरांनी बशी टेबलावर ठेवली. मिशीला पीळ दिला. "हां. मग?"

"मग म्हणजे? मला काही कळत नाही, मास्तर!"

"आम्हाला कळतं ना. पूर्वी तुम्ही एक तुकडा मोडायच्या आणि आमची इज्जत काढायच्या. आता चारही बिस्किटं खाता आणि म्हणता, ठीक आहे. तुम्ही आणि ठीक आहे? भट्टीवर त्याच दिवशी सगळ्यांना कळलं." मास्तर जरा खाली बघून बोलू लागले. "तेव्हापासून आम्ही प्रत्येक घाणा आधी आपसांत चाखतो. मी, पुडेवाल्या बायकांतल्या दोघी आणि तो पहारेकरी. चुकलेला तुमच्यापर्यंत येऊच देत नाही. म्हटलं, लेकुरवाळी होऊ दे, मग बघू."

 सुनेला धीर यायला हवा होता, पण आला राग. "आणि तुमचा पहारेकरी! त्याला सोडा आणि मीठ यातला फरक कळतो का?"

"नाही कळत," मास्तर म्हणाले. "म्हणून तर तुम्ही लवकर बऱ्या व्हा."

त्या दिवसापासून चवबाईंच्या खोलीत आणखी एक मग आला, थुंकायचा. मास्तरांनीच तो आणला आणि ते काचेकडे पाठ करून उभे राहायला लागले, म्हणजे तिला संकोच नको. ती फार थोडं चाखायची आणि मास्तरांनी चाखलेलं पडताळायची. बाकी कानावर आणि नाकावर भागवायची. बिस्किट मोडताना आवाज बसका आला तर ओल राहिली, हे सांगायला जीभ लागत नाही. साखरेचे संध्याकाळचे आकडे उतरू लागले. इन्सुलिनची वेळ आलीच नाही. त्या आठवड्याच्या शेवटी सासूबाईंनी कपाटाच्या तळातून ते पिवळं कापड काढलं, मशीनवर ठेवलं आणि सुनेसमोरच झबल्याची पहिली शिवण घातली. सुनेनं नुसता कापडावरून हात फिरवला.

मुलगी झाली. वजन अगदी बेताचं, जसं हवं तसं. जन्मल्याबरोबर नर्सनं तिच्या इवल्याशा टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली आणि ठीक आहे म्हणाली, तेव्हा सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. लेक तर लिफ्ट सोडून जिन्यानं पळत वर आला.

बाळ घरी आलं. झबलं थोडं मोठं झालं, पण सासूबाई म्हणाल्या, वाढतं अंग आहे. आता काळजी एकच उरली होती आणि ती फक्त सासूबाईंनाच होती. सून रोज जेवायची आणि रोज म्हणायची, "छान झालंय, आई." आठवडे गेले. छान, छान, छान. त्या शब्दाचा सासूबाईंनी इतका धसका घेतला की तो ऐकला की त्यांचा हात मशीनवर थांबायचा. विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि ती रडली तर? बाळाच्या बदल्यात जीभ गेली असं तिला वाटलं तर? म्हणून न विचारताच कळावं असा त्यांनी आपल्या परीनं एक उपाय केला. संध्याकाळच्या सुपात त्या रोज एक चिमूट मीठ जास्त टाकू लागल्या. लेक निमूटपणे खायचा. बाळंतिणीला असंच लागत असेल, असं त्याला वाटायचं.

आणि मग एका संध्याकाळी, बाळ मांडीवर घेऊन सून सूप प्यायला बसली. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा तसाच धरून तिनं डोळे मिटले.

मशीन थांबलं.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "रागावू नका हं."

"बोल."

"मीठ चिमूटभर जास्त आहे. आणि कांदा एका बाजूनं करपलाय."

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. कांदा करपलेला त्यांनासुद्धा कळला नव्हता. त्या पाठ फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या, पदरानं डोळे पुसले, आणि आवाज शक्य तितका कडक करून म्हणाल्या, "मोठी आली चवबाई!"

"म्हणजे मीठ खरंच जास्त होतं?" लेक स्वयंपाकघरातून ओरडला. "इतके दिवस?"